रोजचा ताण आणि शरीराची डागडुजी



या व्याख्यानमालेत आजवर साहित्य, इतिहास आणि संगीत या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विचार मांडले आहेत. त्या परंपरेत एका डॉक्टरला बोलावण्याचे औचित्य काय, असा प्रश्न निमंत्रण मिळाले तेव्हा माझ्या मनात आला. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांची एक शिस्त अनेकांना ठाऊक असेल. मोठा शब्द कोणी सहज वापरला की ते थांबवून विचारीत, 'याचा अर्थ सांगा आणि मग पुढे चला.' आज आपल्या घराघरांत असा एक शब्द अर्थ न विचारता वापरला जातो. तो शब्द म्हणजे 'टेन्शन'. चौथीतल्या मुलाला टेन्शन असते, निवृत्त आजोबांना टेन्शन असते, आणि डोके दुखले, पित्त झाले, साखर वाढली की कारण म्हणूनही तेच सांगितले जाते. गुरुजींच्या शिस्तीनुसार या शब्दाचा अर्थ विचारावा, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या भाषेकडे वळू. वैद्यकशास्त्राने जे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत प्रयोगशाळेत मोजले, ते मराठी माणसाने आपल्या बोलण्यात फार पूर्वीच नोंदवून ठेवले आहे. भीती वाटली की आपल्या तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात, छाती धडधडते आणि अंगावर काटा उभा राहतो. हे केवळ अलंकार नव्हेत. संकटाची चाहूल लागताच मेंदूकडून संदेश सुटतात. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात उतरते. लाळ आटते म्हणून तोंड कोरडे पडते. जठर आणि आतडी आपले काम आवरते घेतात, तो पोटातला गोळा. त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, म्हणून हात गार पडतात. हृदय वेगाने चालू लागते आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते.

हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विद्यार्थिदशेत असतानाच, क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराच्या जठराची हालचाल पाहिली. मांजर अस्वस्थ झाले की ती हालचाल थांबते, असे त्यांना दिसले. पुढे १९१५ मध्ये त्यांनी भूक, वेदना, भीती आणि संताप यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. 'लढा अथवा पळा' ही या प्रतिक्रियेची ओळख त्यांच्याच संशोधनातून रूढ झाली. तिचे मर्म असे की, समोर साप आला असता अन्न पचवणे, जखम भरणे, हाडे बळकट करणे ही कामे काही मिनिटे बाजूला ठेवलेली बरी. आधी जीव वाचवावा आणि मग घराची डागडुजी करावी, हा निसर्गाचा साधा हिशेब आहे.

ही व्यवस्था काही मिनिटांसाठी उत्तम आहे, आणि अडचण तेथेच आहे. साप निघून जातो, पण घराचा हप्ता महिन्याच्या महिन्याला परत येतो. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. मुलीचा निकाल, मुलाची परदेशातील नोकरी, वरिष्ठांचा स्वभाव, शेजाऱ्यांशी चाललेला वाद, यांतील एकही गोष्ट पळून संपत नाही किंवा लढून संपत नाही. शरीराला मात्र हा भेद कळत नाही. सापासाठी वाजणारी घंटा ते हप्त्यासाठीही वाजवते, आणि ती वाजतच राहते.

'स्ट्रेस' ही कल्पना वैद्यकात रुजवली ती हान्स सेल्ये यांनी. माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात उंदरांवर प्रयोग करताना त्यांना दिसले की थंडी, अतिश्रम, विषारी द्रव्ये अशा परस्परांशी संबंध नसलेल्या आघातांनंतरही उंदरांच्या शरीरात सारखेच बदल होतात. अधिवृक्क ग्रंथी सुजतात, प्रतिकारशक्तीशी निगडित ग्रंथी आक्रसतात आणि जठरात व्रण पडतात. १९३६ मध्ये त्यांनी हे निरीक्षण 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. आधी इशारा, मग प्रतिकार आणि शेवटी थकवा, अशा तीन अवस्था त्यांनी सांगितल्या.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. सेल्ये यांच्या उंदरांतील व्रणांमुळे आणि काही अंशी डॉक्टरांच्या सवयीमुळे, माणसाच्या पोटातील अल्सर हा चिंतेचाच रोग आहे अशी समजूत अनेक दशके टिकून राहिली. रुग्णाला दूधभात खा, काळजी करू नका, असे सांगितले जाई. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी दाखवून दिले की बहुसंख्य अल्सरांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. मार्शल यांनी तर १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रतिजैविकांनी बऱ्या होणाऱ्या या रोगासाठी कितीतरी माणसांना 'तुमचा स्वभावच चिंतातुर' हा ठपका सोसावा लागला होता. म्हणून 'टेन्शनमुळे होते' हे निदान तपासणीच्या शेवटी यावे, आरंभी नव्हे. विशेषतः आपल्या घरांतील स्त्रियांच्या थकव्याला हे नाव फार लवकर चिकटते. त्यामागे रक्तक्षय असू शकतो, थायरॉइडचा विकार असू शकतो, मधुमेह असू शकतो. छातीतील दडपणाला तर तपासणीशिवाय ताण म्हणणे जिवाशी खेळ आहे.

मग ताणाने शरीराचे खरोखर काय बिघडते? या प्रश्नाचे मला सर्वांत बोलके वाटणारे उत्तर एका छोट्या जखमेच्या प्रयोगात आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा स्त्रिया निवडल्या. या स्त्रिया स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची घरी शुश्रूषा करीत होत्या. त्याच वयाच्या आणि तशाच आर्थिक स्थितीतील, पण अशी जबाबदारी नसलेल्या आणखी तेरा स्त्रिया तुलनेसाठी घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर, तिच्या संमतीने, साडेतीन मिलिमीटरची एकसारखी जखम केली आणि ती भरून येण्यास किती दिवस लागतात ते मोजले. १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुसऱ्या गटात जखम सरासरी ३९ दिवसांत भरली आणि शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांत तिला ४८ हून अधिक दिवस लागले. म्हणजे सुमारे नऊ दिवस जास्त.

प्रयोग लहान आहे, हे मला मान्य आहे. परंतु त्याच दिशेचे आणखी पुरावे आहेत. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेल्डन कोहेन यांच्या अभ्यासात ३९४ निरोगी व्यक्तींच्या नाकात सर्दीचे विषाणू थेंबांतून सोडण्यात आले. विषाणू या सर्वांनाच मिळाले, तरी ज्यांच्या जीवनात ताण अधिक होता त्यांना सर्दी होण्याचे प्रमाणही अधिक आढळले. २००४ मध्ये ५२ देशांतील सुमारे २५,००० व्यक्तींचा, त्यांत भारतीयही होते, हृदयविकाराच्या दृष्टीने केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सततचा ताण सांगणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा संभव सुमारे दुप्पट दिसला. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह ही कारणे आपल्या जागी आहेतच. ताण त्यांच्या पंक्तीला येऊन बसतो.

या साऱ्याचा अर्थ मी असा लावतो. शरीर ही रोज थोडी झिजणारी आणि रोज दुरुस्त होणारी वास्तू आहे. डागडुजीचे काम शांततेच्या वेळी चालते, विशेषतः गाढ झोपेत. धोक्याची घंटा वाजत असताना गवंडी काम सोडून दाराशी उभे राहतात. घंटा दिवसाकाठी चार वेळा वाजली तर काही बिघडत नाही. ती रात्रीही थांबली नाही तर भिंतीचे पोपडे तसेच राहतात. पहाटे वर चढून रात्री उतरणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक वेळी-अवेळी रेंगाळते, रक्तदाब खाली येत नाही, रक्तातील साखर चढी राहते आणि पोटाभोवती मेद साचतो. तेव्हा ताण आला याची फार भीती बाळगू नये. तो उतरतो की नाही, याची चौकशी करावी.

ही चौकशी कोठून सुरू करावी, हे मला एका रुग्णाने शिकवले. पन्नाशीच्या एक बाई रक्तदाबासाठी माझ्याकडे येत. गोळ्या नियमित, जेवणात मीठ बेताचे, सर्व तपासण्या ठीक, तरी रक्तदाब उतरत नव्हता. औषध वाढवण्यापूर्वी मी विचारले, "ताई, रात्री सलग किती तास झोप मिळते?"

त्या हसल्या. "सलग? डॉक्टर, सासूबाई रात्रीत चार वेळा उठतात. दार उघडून बाहेर जायला निघतात. दोन वर्षे झाली, माझा एक कान दाराशीच असतो."

पुढल्या खेपेस मी त्यांच्या यजमानांना आणि मुलाला सोबत बोलावले. यजमान सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "ती कधी तक्रार करीत नाही, म्हणून मला वाटले तिला जड जात नसावे." त्याच दिवशी रात्रींची वाटणी ठरली. दोन रात्री यजमान, दोन रात्री मुलगा, आणि सुरतेहून नणंदबाई महिन्यातून आठवडाभर येणार. दाराला वर कडी बसली. तीन-चार महिन्यांत त्याच गोळ्यांवर, त्याच मात्रेत, बाईंचा रक्तदाब आटोक्यात आला. एका उदाहरणाने शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. परंतु त्या घराला जे औषध हवे होते ते माझ्या चिठ्ठीवर लिहिण्याजोगे नव्हते. ते वाटणीत होते.

म्हणूनच 'मन शांत ठेवा' हा उपदेश मला अपुरा वाटतो. उपदेश करणारा झोपायला जातो आणि ऐकणारी जागी राहते. ताणाचे व्यवस्थापन हा एकट्याच्या मनोनिग्रहाचा विषय आहे असे आपण धरून चालतो. परंतु मनुष्याच्या हाती किती आहे, यावरही बरेच अवलंबून असते. ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा 'व्हाइटहॉल' म्हणून ओळखला जाणारा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. मोठ्या अधिकाऱ्यांच्या डोक्यावर मोठी जबाबदारी, म्हणून हृदयविकार त्यांनाच अधिक, अशी सर्वसाधारण समजूत होती. आढळले ते उलटेच. हुद्द्याच्या पायऱ्या जसजशा खाली जाव्यात तसतसे हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढत गेले. १९८५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १०,३०८ कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यातून १९९७ मध्ये दिसून आले की आपल्या कामाचा क्रम, वेग, पद्धत ठरवण्याची मुभा ज्यांना कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक. हे उपाशी मजूर नव्हते. पगार, पेन्शन असलेले कारकून होते. तरीही दुसऱ्याच्या घंटेवर अहोरात्र जगणे त्यांच्या हृदयाला बाधले.

आपल्या घरात असा 'खालच्या पायरीवरचा कारकून' कोण आहे, हे प्रत्येकाने शोधावे. बहुधा ती घरातील सून असेल, कधी अविवाहित राहिलेली बहीण असेल. मुले अमेरिकेत असलेल्या वृद्ध दांपत्यापैकी जरा धडधाकट असलेला जोडीदारही असू शकेल. त्या व्यक्तीला आठवड्यातील एक दुपार पूर्णपणे स्वतःची मिळावी आणि त्या दुपारी तिने काय करावे हे कोणी विचारू नये. माझ्या मते हा पहिला उपाय आहे.

दुसरा उपाय झोपेचा. प्रौढांना रोज किमान सात तास झोप हवी, किशोरवयीन मुलांना आठ ते दहा. संध्याकाळनंतरचा चहा कमी करावा, उठण्याची वेळ रविवारीही फार बदलू नये आणि मोबाइल उशाशी ठेवू नये. आपल्या लहानपणी दिवेलागणीला देवापुढे दिवा लागे, मुले हातपाय धुऊन बसत. त्यातील धार्मिक भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण दिवसाचे काम येथे संपले, अशी एक रेघ त्या क्षणी ओढली जात असे. आज ती रेघ पुसली गेली आहे. कचेरीचे निरोप रात्री अकरालाही येतात. ती रेघ पुन्हा ओढणे आपल्या हाती आहे.

तिसरा उपाय चालण्याचा. लढण्यासाठी वा पळण्यासाठी सोडलेली साखर स्नायूंनी वापरली की शरीराला तो प्रसंग संपल्यासारखा वाटतो. रोज अर्धा तास भरभर चालावे, आणि शक्य तर कोणाच्या सोबतीने. सोबत हेही औषधच आहे. मन मोकळे करण्यास एक माणूस असणे, ही चैन नाही.

चौथा उपाय श्वासाचा, आणि येथे आपल्या बडोद्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांचा जन्म १८८३ मध्ये येथून जवळच डभोईचा. प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात ते घडले. योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे श्रद्धेवर न सोडता त्यांनी याच शहरातील सरकारी रुग्णालयात क्ष-किरणांनी तपासण्यास आरंभ केला. पुढे १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून त्यांनी 'योगमीमांसा' हे संशोधनपर नियतकालिक काढले. कॅनन यांनी भीतीचा पोटावरील परिणाम पाहण्यासाठी जे साधन वापरले, तेच आपल्या गावच्या माणसाने योगाच्या परीक्षेसाठी वापरले, ही अभिमानाची गोष्ट आहे. अलीकडे, २००१ मध्ये, इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी व्यक्तींवर केलेला अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती जपमाळ असो की मंत्रजप, दोन्हींमुळे श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरते आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते, असे त्यात दिसले. तेव्हा रोज दहा मिनिटे ताठ बसावे, श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. मात्र यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

तंबाखू, गुटखा, मद्य यांनी ताण उतरतो असा भास होतो. सिगारेट ओढल्यावर जे बरे वाटते, त्यात निकोटिनच्या अभावाने आलेली अस्वस्थता शमण्याचा वाटा मोठा असतो. मद्याने डोळा लागतो, परंतु झोप तुटक होते.

आता विद्यार्थ्यांविषयी, कारण हे व्यासपीठ शाळेचे आहे. ओहायोतील त्याच संशोधकांच्या गटाने १९९८ मध्ये दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकाच्या टाळूवर एक लहान जखम सुट्टीत केली आणि तशीच दुसरी परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या काळातील जखम भरण्यास सरासरी तीन दिवस, म्हणजे ४० टक्के वेळ, अधिक लागला. अकरांपैकी एकाचीही जखम सुट्टीतल्याइतक्या वेगाने भरली नाही. हे परीक्षांना सरावलेले तरुण होते, आणि त्या जखमेची भीती बाळगण्याचेही कारण नव्हते. मग सोळा वर्षांच्या मुलाला सहा महिने दररोज 'हे वर्ष आयुष्याचे आहे' असे ऐकवल्यास त्याच्या अंगी काय होत असेल, याचा विचार पालकांनी करावा. परीक्षा रद्द करा असे मी म्हणत नाही. थोडी धडधड अभ्यासाला उपयोगीच पडते. परंतु मार्च महिन्यातही त्याचे मैदान, त्याची झोप आणि रात्रीच्या जेवणाला टक्केवारीखेरीज दुसरा विषय, एवढे तरी शिल्लक ठेवावे. किती वाजता कोणता विषय घ्यायचा हे त्याला ठरवू द्यावे. व्हाइटहॉलच्या कारकुनांना जे मिळाले नाही, ते निदान आपल्या मुलांना मिळावे.

शेवटी एक मर्यादा स्पष्ट करतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, झोप व भूक उडणे, जगणे नकोसे वाटणे, ही नुसत्या ताणाची लक्षणे नव्हेत. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक शाळेच्या सूचनाफलकावर कायम लावून ठेवावा, अशी माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे.

मित्रहो, ताण नाहीसा करण्याचे औषध माझ्यापाशी नाही, आणि ज्याच्या घरी माणसे आहेत त्याला काळजी असणारच. पण ती काळजी एकाच माणसाच्या अंगावर पडली आहे की चौघांत वाटली गेली आहे, हे पाहणे आपल्या हाती आहे. आज घरी गेल्यावर निदान एक करा. घरात सर्वांत शेवटी कोण झोपते आणि सर्वांत आधी कोण उठते, ते विचारा. ती एकच व्यक्ती असेल, तर वाटणीचे बोलणे आज रात्रीच सुरू करा.